दुसऱ्याच्या वहीत आपले नाव: हिशेब आणि गुंतवणुकीचे शब्द कसे समजून घ्यावेत

कोथरूडमधील आमच्या गृहरचना संस्थेचे खजिनदारपद माझ्याकडे ९ वर्षे होते. दर सप्टेंबरमध्ये वार्षिक सर्वसाधारण सभा भरते, तिच्याआधी अहवालाची पुस्तिका घरोघर जाते आणि सभेच्या दिवशी वाहनतळात मांडलेल्या खुर्च्यांवर बसून सभासद ती उलटसुलट चाळतात. एका वर्षी एक निवृत्त शिक्षिका, ज्यांना आम्ही सगळे काकू म्हणतो, स्वतःचे पासबुक हातात घेऊनच सभेला आल्या. "मी बँकेत दहा हजार रुपये भरले की पासबुकात ते जमा दिसतात. संस्थेच्या वहीत मात्र बँकेत भरलेली रक्कम तुम्ही बँकेच्या नावे लिहिता. मग चूक कोणाची, बँकेची की तुमची?" असा त्यांचा प्रश्न होता.

चूक कोणाचीच नव्हती. परंतु या प्रश्नाचे उत्तर नीट समजून घेतले, तर हिशेबाची निम्मी परिभाषा हाती येते आणि गुंतवणुकीचे शब्दही त्याच वाटेने उलगडत जातात, असा माझा अनुभव आहे. नवशिक्या माणसाने शब्दांची यादी पाठ करण्याऐवजी प्रत्येक शब्दाला एकच प्रश्न विचारावा: ही वही कोणाची आहे? पुढील मांडणी त्याच प्रश्नाच्या आधाराने केली आहे.

पासबुकात जमा, वहीत नावे

प्रत्येक व्यवहारात कोणीतरी देतो आणि कोणीतरी घेतो, म्हणून प्रत्येक व्यवहाराची नोंद दोन ठिकाणी करायची, हे द्विनोंदी पद्धतीचे मूळ आहे. इटलीतील व्यापाऱ्यांत ती आधीपासून रूढ होती आणि लुका पाचोली या गणितज्ञाने १४९४ साली व्हेनिसमध्ये छापलेल्या ग्रंथात ती व्यवस्थित मांडली. व्यक्तींच्या आणि संस्थांच्या खात्यांसाठी नियम असा की घेणाऱ्याचे खाते नावे (डेबिट) करावे आणि देणाऱ्याचे खाते जमा (क्रेडिट) करावे.

आता काकूंचे दहा हजार रुपये घेऊ. बँकेच्या वहीत देणाऱ्या काकू आहेत, म्हणून बँक काकूंचे खाते जमा करते. काकूंनी स्वतःची वही ठेवली असती तर त्या वहीत घेणारी बँक आहे, म्हणून तिथे बँकेचे खाते नावे झाले असते. पासबुक आपल्या कपाटात असले तरी ती आपली वही नव्हे. ती बँकेच्या खतावणीतील, म्हणजे खातेवार वहीतील, आपल्या पानाची नक्कल आहे. काकू बँकेच्या धनको आहेत, म्हणजे बँक त्यांना देणे लागते, आणि काकूंच्या दृष्टीने बँक ऋणको आहे. गृहकर्ज घेतले की ही जोडी नेमकी उलटते.

याच ओघात आणखी तीन शब्द पाहून घ्यावेत. व्यवहार घडला त्या तारखेने, घडला त्या क्रमाने पहिल्यांदा ज्या वहीत लिहिला जातो ती कीर्द. कीर्दीतील नोंदी खातेवार वेगळ्या करून ज्या वहीत नेल्या जातात ती खतावणी. सर्व खात्यांच्या शिल्लक रकमा एका कागदावर मांडून नावे बाजूची आणि जमा बाजूची बेरीज जुळते का ते पाहायचे, ती तेरीज. आता हे काम संगणक करतो. तरीही तेरीज जुळली म्हणजे हिशेब बरोबर आहे असे समजू नये, कारण विजेच्या खर्चाची रक्कम चुकून दुरुस्तीच्या खात्यात गेली तरी बेरीज बिनचूक जुळते.

आधी स्वतःचा ताळेबंद

अप्पा बळवंत चौकातून एक दोनशे पानी वही आणावी, मधोमध उभी रेघ मारावी आणि डोक्यावर '३१ मार्च रोजीचा ताळेबंद' असे लिहावे. लक्ष्मी रस्त्यावरची दुकाने आजही दिवाळीत वहीपूजन करतात, परंतु आपले हिशेबाचे वर्ष १ एप्रिलला सुरू होऊन ३१ मार्चला संपते. तारीख लिहिणे हे केवळ शिष्टाचाराचे नाही. ताळेबंद एका विशिष्ट दिवसाची स्थिती सांगतो, तर नफा-तोटा पत्रक किंवा सोसायटीचे उत्पन्न-खर्च पत्रक पूर्ण वर्षभराची हालचाल सांगते. खडकवासल्यात आज किती पाणी आहे हा एक प्रश्न आणि पावसाळ्यात त्यात किती पाणी आले हा दुसरा. दोन्ही आकडे पाण्याचेच असले तरी त्यांची बेरीज-वजाबाकी परस्पर करता येत नाही.

वहीच्या उजव्या बाजूला मालमत्ता लिहावी. समजा सदनिकेची खरेदी किंमत ४५,००,००० रुपये, मुदत ठेव ४,००,०००, पीपीएफमधील शिल्लक ३,५०,००० आणि बचत खात्यातील ६०,००० रुपये, एकूण ५३,१०,०००. डाव्या बाजूला देणी लिहावीत: गृहकर्ज ३०,००,००० आणि क्रेडिट कार्डाची बाकी २५,०००. मालमत्तेतून देणी वजा केली की २२,८५,००० रुपये उरतात. ही आपली निव्वळ मालमत्ता. व्यवसायाच्या ताळेबंदात हीच रक्कम भांडवल या नावाने डाव्या बाजूला बसते आणि त्यामुळे दोन्ही बाजू समान होतात.

सदनिकेची किंमत लिहिताना दलालाने सांगितलेला भाव लिहिण्याचा मोह होतो. तो टाळावा आणि खरेदीची किंमतच लिहावी, असे माझे ठाम मत आहे. हिशेबात सावधगिरीचा एक जुना नियम आहे: होऊ घातलेला तोटा आधीच धरावा, पण पदरात न पडलेला नफा धरू नये.

गृहकर्जाच्या हप्त्याकडे जरा जवळून पाहावे, कारण खर्च आणि परतफेड यांतला फरक तिथे सर्वांत स्पष्ट दिसतो. ३०,००,००० रुपयांचे कर्ज ८.५ टक्के दराने २० वर्षांसाठी घेतले, तर मासिक हप्ता सुमारे २६,०३५ रुपये येतो. पहिल्या महिन्याचे व्याज २१,२५० रुपये असते, म्हणजे मुद्दल फिटते ते केवळ ४,७८५ रुपयांचे. २१,२५० रुपये हा त्या महिन्याचा खर्च आहे, तो गेला. ४,७८५ रुपये मात्र खर्च नव्हेत, कारण तेवढ्याने बँकेतील शिल्लक कमी झाली असली तरी देणेही तेवढ्यानेच कमी झाले. अनेक घरांत संपूर्ण हप्त्याला बचत म्हटले जाते आणि काही घरांत संपूर्ण हप्त्याला खर्च. दोन्ही समजुतींनी घराचा हिशेब चुकतो. बँकेकडून परतफेडीचे वेळापत्रक मागून घ्यावे, त्यात दर महिन्याची ही फोड छापलेली असते.

एका पोळीभाजी केंद्राचे वर्ष

नफा आणि रोकड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे समजावण्यासाठी मी नेहमी पोळीभाजी केंद्राचे उदाहरण घेतो. आकडे कल्पित आहेत, पण पुण्यात ज्याने असे केंद्र जवळून पाहिले आहे त्याला ते ओळखीचे वाटतील.

एका ताईंनी स्वतःचे १,५०,००० रुपये घातले आणि बँकेकडून १० टक्के दराने १,००,००० रुपये कर्ज घेतले. पहिली रक्कम भांडवल, दुसरी देणे. त्यातून शेगड्या, भांडी आणि फ्रीज यांवर १,२०,००० रुपये गेले, गाळ्याची अनामत ६०,००० रुपये, कणीक-तेल-डाळीचा साठा २०,००० रुपये आणि बँकेत शिल्लक ५०,००० रुपये. शेगड्या आणि फ्रीज ही स्थिर मालमत्ता, कारण त्या विकण्यासाठी घेतलेल्या नाहीत. साठा, येणी आणि रोकड ही चालू मालमत्ता, आणि तीतून थोड्या मुदतीची देणी वजा केली की उरते ते खेळते भांडवल. रोजचे दुकान त्याच्यावर चालते.

वर्षभरात ९,६०,००० रुपयांची विक्री झाली. शिधा आणि भाजीपाला ४,८०,०००, भाडे १,४४,०००, मदतनिसांचा पगार १,८०,०००, गॅस आणि वीज ६०,०००, व्याज १०,०००. याखेरीज एक खर्च असा, ज्याचे पैसे यंदा कोणालाही दिलेले नाहीत: घसारा. शेगड्या आणि फ्रीज १० वर्षे चालतील असे धरले तर दरवर्षी त्यांची १२,००० रुपयांची किंमत झिजते आणि ती झीज त्या त्या वर्षाच्या विक्रीतून वळती करावी लागते. एकूण खर्च ८,८६,००० आणि निव्वळ नफा ७४,००० रुपये.

वर्षअखेर बँकेतील शिल्लक मात्र ५०,००० वरून ६३,००० झाली, म्हणजे रोकड वाढली अवघी १३,००० रुपयांनी. बाकीचा नफा कुठे गेला? घसाऱ्याचे १२,००० प्रत्यक्ष बाहेर गेले नव्हते, म्हणून ते नफ्यात परत मिळवावेत. किराणा दुकानदाराचे १५,००० रुपये द्यायचे राहिले आहेत, म्हणून तेवढी रोकड अजून हाती आहे, तेही मिळवावेत. हिंजवडीतील एका कार्यालयाने महिन्याच्या डब्यांचे ४०,००० रुपये अजून दिलेले नाहीत. विक्री धरली, पण पैसे आले नाहीत, म्हणून ते वजा करावेत. ताईंनी घरखर्चासाठी ४८,००० रुपये काढले. हिशेबाच्या भाषेत ही उचल, ती खर्चात धरत नाहीत, भांडवलातून वजा करतात. ७४ अधिक १२ अधिक १५ वजा ४० वजा ४८, बरोबर १३ हजार. या आकडेमोडीला रोख प्रवाह पत्रक म्हणतात आणि माझ्या मते नवशिक्याने सर्वांत आधी वाचायला शिकावे असे पत्रक हेच आहे, कारण नफा अनेक अंदाजांवर उभा असतो, तर बँकेतील शिल्लक मोजून पाहता येते.

या नफ्याबद्दल एक गोष्ट मला नेहमी खटकते, ती इथेच सांगतो. ताई पहाटे ५ वाजल्यापासून राबतात, त्या श्रमाचा मोबदला खर्चात कुठेच नाही. महिना ६,००० रुपये इतका तुटपुंजा पगार जरी त्यांनी स्वतःला लावला, तरी नफा ७४,००० वरून २,००० वर येतो. घरगुती व्यवसायाचा नफा ऐकताना मालकाचे श्रम मोजले आहेत का, हे विचारल्याशिवाय त्या आकड्यावर विसंबू नये.

गुंतवणूक म्हणजे दुसऱ्याच्या डाव्या बाजूला बसणे

आता मुख्य मुद्दा. आपल्या वहीत गुंतवणूक उजव्या बाजूला, मालमत्तेत असते. पण त्याच क्षणी ती दुसऱ्या कोणाच्या तरी ताळेबंदाच्या डाव्या बाजूला लिहिली गेलेली असते. तिथे आपण देण्यांच्या रकान्यात आहोत की भांडवलाच्या रकान्यात, यावरून आपला परतावा आणि आपली जोखीम दोन्ही ठरतात.

मुदत ठेव हे बँकेचे देणे आहे. व्याजदर आधी ठरलेला, मुदत ठरलेली. बँकेला भरघोस नफा झाला तरी ठेवीदाराला ठरल्यापेक्षा एक पैसाही जास्त मिळत नाही. बँका मुदत ठेवीवरील व्याज सहसा दर तिमाहीला मुद्दलात मिळवतात, यालाच चक्रवाढ म्हणतात, आणि त्यामुळे ७ टक्के दराच्या ठेवीवर वर्षाला प्रत्यक्षात सुमारे ७.१९ टक्के पडतात. बँक अडचणीत आली, तर एका बँकेतील एका ठेवीदाराच्या सर्व शाखांतील सर्व ठेवींना मिळून, मुद्दल आणि व्याज धरून, ५ लाख रुपयांपर्यंत विम्याचे संरक्षण असते. ४ फेब्रुवारी २०२० पूर्वी ही मर्यादा १ लाख होती. हे संरक्षण सहकारी बँकांनाही आहे, पण पतसंस्थांना नाही. आपल्याकडे पेठापेठांत बँका आणि पतसंस्था शेजारी शेजारी असतात आणि दोन्हींच्या पावत्या सारख्याच दिसतात, म्हणून हा फरक मी मुद्दाम ठळकपणे सांगतो. पावती हातात घेऊन नाव पूर्ण वाचावे.

कर्जरोखा म्हणजे बाँड हेही देणेच, फक्त देणेकरी कंपनी किंवा सरकार असते आणि रोखा मुदतीपूर्वी बाजारात विकता येतो. ७ टक्क्यांचा रोखा आपल्याकडे असताना नवे रोखे ८ टक्क्यांनी मिळू लागले, तर आपला रोखा पूर्ण किमतीला कोणी घेणार नाही. व्याजदर चढले की जुन्या रोख्यांचे भाव उतरतात, ते यामुळे.

समभाग म्हणजे शेअर हा भांडवलाच्या रकान्यात बसतो. ताईंच्या केंद्राची कंपनी झाली असे समजू आणि मूळ भांडवल १,५०,००० रुपये प्रत्येकी १० रुपयांच्या १५,००० समभागांत विभागू. हे १० रुपये म्हणजे दर्शनी किंमत. वर्षअखेर भांडवल नफ्याने वाढून आणि उचलीने घटून १,७६,००० झाले. ते १५,००० ने भागले की ११.७३ रुपये, ही पुस्तकी किंमत. आणि एखाद्याने हा समभाग ५० रुपयांना घ्यायची तयारी दाखवली तर ती बाजारभावाची किंमत. एकाच कागदाच्या या तीन किमतींत गल्लत करू नये. नफा ७४,००० भागिले १५,००० म्हणजे ४.९३ रुपये, ही प्रतिसमभाग मिळकत. ५० भागिले ४.९३ म्हणजे सुमारे १०, हे किंमत-मिळकत गुणोत्तर, ज्याला बाजारात सर्रास पीई म्हणतात. एक रुपया वार्षिक नफ्यासाठी खरेदीदार १० रुपये मोजत आहे, एवढाच त्याचा अर्थ.

ताईंची ४८,००० रुपयांची उचल कंपनीत लाभांश ठरेल: प्रतिसमभाग ३.२० रुपये. दर्शनी किमतीवर तो ३२ टक्के भरतो. पण ५० रुपयांना समभाग घेणाऱ्याच्या पदरात पडतात ६.४ टक्केच. हा फरक माझ्या घरात किंमत मोजून शिकलो. '२०० टक्के लाभांश' अशी बातमी वाचून वडिलांनी एका कंपनीचे समभाग चारशे रुपयांच्या आसपास घेतले होते. दर्शनी किंमत १ रुपया असल्याने हाती आले प्रत्येकी २ रुपये, म्हणजे अर्धा टक्का. कंपनीने काहीही खोटे सांगितले नव्हते. टक्केवारी कशावर काढली आहे, हे पाहायचे आमच्याकडून राहिले.

भांडवलाच्या रकान्यात बसणाऱ्याला वर मर्यादा नसते, पण कंपनी बुडाली तर आधी सर्व देणी भागतात आणि उरले तरच भागधारकाला काही मिळते.

सोने या मांडणीत कुठे बसते? कुठेच नाही. दागिना किंवा वेढणी कोणाच्याही डाव्या बाजूला लिहिलेली नसते, म्हणून तिच्यावर ना व्याज मिळते ना लाभांश. पुढचा खरेदीदार काय देईल तीच तिची किंमत. सरकारी सुवर्ण रोख्यांवर मात्र २.५ टक्के व्याज आहे, कारण तिथे सरकार देणेकरी आहे.

म्युच्युअल फंडात अनेकांचे पैसे एकत्र येऊन त्यांतून समभाग किंवा रोखे घेतले जातात. फंडाच्या एकूण मालमत्तेतून देणी वजा करून उरलेली रक्कम युनिटांच्या संख्येने भागली की एनएव्ही मिळते, म्हणजे आपल्या दोनशे पानी वहीत केलेलीच वजाबाकी. १० रुपये एनएव्हीचा नवा फंड स्वस्त आणि २०० रुपयांचा जुना फंड महाग, ही समजूत पुण्यात चांगल्या शिकल्यासवरल्या घरांतही भेटते. १०,००० रुपयांत पहिल्याचे १,००० युनिट येतील, दुसऱ्याचे ५०. दोन्ही फंड १० टक्के वाढले तर दोन्हीकडे ११,००० रुपयेच होतील. एनएव्हीपेक्षा खर्चाचे प्रमाण, म्हणजे फंड चालवण्यासाठी दरवर्षी मालमत्तेतून कापले जाणारे टक्के, पाहावे, कारण तो खर्च दररोज थोडा थोडा वळता होऊनच एनएव्ही जाहीर होते आणि त्याची वेगळी पावती कधीच येत नाही. एसआयपी ही योजना नाही, ठरावीक तारखेला ठरावीक रक्कम भरण्याची रीत आहे. सेन्सेक्स हा ३० कंपन्यांचा निर्देशांक १९७८-७९ हे वर्ष १०० धरून मोजला जातो आणि निफ्टी ५० कंपन्यांचा. इंडेक्स फंड निर्देशांकातल्याच कंपन्यांचे समभाग त्याच प्रमाणात घेतो.

जुन्या समभागांबद्दल थोडेसे. १९८२ साली स्थापन झालेला पुण्याचा स्वतंत्र शेअर बाजार आता राहिलेला नाही, पण त्या काळातली कागदी प्रमाणपत्रे अनेक घरांच्या ट्रंकांत अजून आहेत. १ एप्रिल २०१९ पासून कागदी समभाग विकून दुसऱ्याच्या नावे करता येत नाहीत. आधी ते डीमॅट खात्यात, म्हणजे समभाग संगणकीय नोंदीच्या रूपात ठेवणाऱ्या खात्यात, आणावे लागतात. सलग ७ वर्षे लाभांश घेतला गेला नसेल तर समभाग गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीकडे वर्ग होतात, आणि तिथून ते अर्ज करून परत मिळवता येतात. ट्रंक यंदाच उघडून पाहावी.

अहवाल कुठून वाचावा

कंपनीचा जाडजूड वार्षिक अहवाल हाती घेण्याआधी आपल्या सोसायटीचा अहवाल वाचावा, कारण त्यातील प्रत्येक आकड्यामागची वस्तू आपण डोळ्यांनी पाहिलेली असते. लिफ्टचा घसारा, येणे वर्गणी, बँकेतील ठेवी हे सारे उजवीकडे. सभासदांचे भाग भांडवल, सिंकिंग फंड आणि द्यायची राहिलेली बिले डावीकडे. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार, म्हणजे नमुना नियमावलीनुसार, सिंकिंग फंडासाठी, म्हणजे इमारतीच्या पुढच्या मोठ्या कामांसाठी साठवायच्या निधीसाठी, बांधकाम खर्चाच्या किमान ०.२५ टक्के रक्कम दरसाल गोळा करायची असते. हा निधी डाव्या बाजूला दिसतो, म्हणून उजव्या बाजूला तेवढ्या ठेवी खरोखर आहेत का, हे लगेच पडताळावे. निधी कागदावर आणि पैसा खर्चात गेलेला, असे घडू शकते. लेखापरीक्षकाने दिलेला अ, ब, क किंवा ड हा वर्गही पाहावा.

कंपनीचा अहवाल मात्र मागून वाचावा. अध्यक्षांचे निवेदन आणि रंगीत छायाचित्रे सोडून आधी लेखापरीक्षकाचा अहवाल उघडावा आणि त्याने काही हातचे राखून मत दिले आहे का ते पाहावे. मग रोख प्रवाह पत्रक: नफा वर्षानुवर्षे वाढत असताना व्यवसायातून येणारी रोकड वाढत नसेल, तर हिंजवडीच्या त्या ४०,००० रुपयांसारखे येणे मोठ्या प्रमाणावर साचत असण्याची शक्यता असते. त्यानंतर हिशेबासोबतच्या टिपा वाचाव्यात. न्यायालयात अडकलेले दावे आणि दुसऱ्यांसाठी दिलेल्या हमी संभाव्य देणी म्हणून तिथेच नोंदवलेल्या असतात, ताळेबंदाच्या बेरजेत त्या दिसत नाहीत. ताळेबंद आणि नफा-तोटा पत्रक शेवटी, आणि तेही किमान ५ वर्षांचे शेजारी शेजारी ठेवून.

पासबुक घेऊन आलेल्या काकू पुढच्या वर्षीच्या सभेला स्वतःची वही घेऊन आल्या. अहवालाच्या उजव्या बाजूला येणे वर्गणीची एकच रक्कम छापली होती, तिच्यावर बोट ठेवून त्यांनी विचारले, "यातली किती रक्कम ३ वर्षांपेक्षा जुनी आहे?" माझ्याकडे तशी फोड तयार नव्हती. त्यानंतरच्या अहवालापासून मी थकबाकीची वर्षवार यादी जोडू लागलो.